मुंशीजींनी मुंशीजींविरुद्ध लिहिलेला अर्ज

"दिवसभर म्हंजे किती वाजता?"

मुंशीजी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. खांद्यावर दोन महिन्यांची पोरगी, रडून रडून लाल झालेली. रात्री ती मला झोपू देत नव्हती आणि दिवसा यांचा कुत्रा तिला. मी त्यांच्या फाटकाशी उभी राहून सांगत होते की काकाजी, तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो, माझं लेकरू झोपत नाही. अशा वेळी माणसाने निदान 'अरेरे' तरी म्हणावं. यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मलाच उलट विचारलं.

"दिवसभर म्हणजे दिवसभर!" मी म्हटलं.

"असी वेळ घड्याळात नाही, पोरी. आनं माहा कुत्रा भुकत नाही."

फाटक बंद. आणि तो कुत्रा त्यांच्या पायाशी बसलेला, हूं नाही की चूं नाही. माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता, मेला!

मी तुमसरची. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले तेव्हा सासूबाईंनी गल्लीतली घरं दाखवता दाखवता सांगितलं होतं, "हे मुंशीजीचं घर. यांच्यासंगं बोलशीन तं मोजून बोल." मला वाटलं, माणूस तापट असेल. तापट मुळीच नव्हता. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण बोलण्यात त्यांना पकडायचं म्हणजे ओल्या साबणाला पकडायचं.

कलेक्टर कचेरीच्या बाहेर, सायकल स्टँडला लागून, त्यांचं टेबल होतं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा धंदा. लालबर्ऱ्याहून, कटंगीहून, कुठून कुठून माणसं बसने उतरून सरळ त्यांच्याकडे यायची. ते आधी त्याला पाणी प्यायला लावत. मग एकच प्रश्न, "पाह्यलं का आयकलं?" स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल तेवढंच कागदावर. शेजाऱ्याने सांगितलं, मेहुण्याच्या कानावर आलं, ते सगळं बाद. विशेषणांचा तर त्यांना रागच. कोणी म्हणालं 'भयंकर मारलं', तर विचारत, "टाके किती पडले?" कोणी म्हणालं 'हमेशा त्रास देते', तर पेन खाली ठेवून देत. "हमेशा नको सांगू. वार सांग, वेळ सांग."

आणि दोन्ही बाजूंचे अर्ज लिहीत. कटंगीकडचे दोघे भाऊ शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडून एकाच दिवशी त्यांच्याकडे आले होते, हे सासरे फार रंगवून सांगायचे. धाकटा लिहून उठला, तर मागच्या बाकावर थोरला बसलेला. धाकटा तापला, "मुंशीजी, आता याचा बी लिवता का?" मुंशीजी म्हणाले, "भांडन दोघाचं, मंग कागद एकाचाच काहून?" थोरल्याचाही तितक्याच टापटीप अक्षरात लिहिला. धाकट्याने वर्षभर नावं ठेवली आणि पुढच्या भांडणाला पुन्हा त्यांच्याकडेच आला.

मात्र स्वतःसाठी त्यांनी कधी अर्ज केला नाही. दारातला नळ दोन उन्हाळे कोरडा होता. दुसऱ्यांच्या नळांचे अर्ज लिहिणारा हा माणूस सकाळी दोन बादल्या घेऊन आमच्या नळावर उभा राहायचा. बायको वारल्यावर घरात एकटेच. पौर्णिमेला पांढरा शर्ट घालून विहारात जायचे, रविवारी कपडे धुवायचे, बाकी सहा दिवस सकाळी दहाला सायकल काढली की संध्याकाळी साडेपाचला परत. कुत्र्याचं नाव पेशकार. कोर्टात साहेबाच्या बाजूला बसून कागद पुढे सरकवतो तो बाबू. "पेशकारच काहून?" असं कोणी विचारलं की म्हणत, "साहेबासमोर तोंड उघडत नाही म्हनून."

उघडत नव्हता हे खरं. साहेबासमोर!

माझी पोरगी अशक्त जन्मली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दूध आणि झोप, औषध हेच, वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल. मी तिला पाजून, थोपटून, घाम गाळून झोपवायची. डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडून सुरू. तीन भुंकणी, मग एक लांब हेल. पुन्हा तीन, पुन्हा हेल. आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच, आवाज जसा काही पाळण्यातच उगवायचा. मी खिडकीला गोधडी टांगली. पंखा फुल केला. पोरीच्या कानांवर टोपरं घट्ट बांधलं, तर तिला घामोळं आलं. एकदा दुपारी मी भिंतीला डोकं टेकवून मोठ्याने म्हटलं, "मर ना एकदाचा!" सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं मी पोरीला म्हणतेय. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत माझ्या हातात विष कोणी आणून दिलं असतं तर मी पोळीला लावलं असतं.

नवऱ्याला काही पटायचं नाही. तो लालबर्ऱ्याच्या राइस मिलमध्ये, सकाळी आठला जाणार, रात्री येणार. "मी आलो तं कुत्रा चूप असते," तो म्हणायचा. सगळ्या गल्लीचे पुरुष हेच म्हणत. भुंकणं ऐकायचं आम्ही बायांनी आणि म्हाताऱ्यांनी.

शेवटी कोपऱ्यावरच्या ठेकेदारांच्या आईने पोराजवळ तक्रार केली, तेव्हा कुठे हालचाल झाली. ठेकेदार म्हणजे गल्लीतला वजनदार माणूस, दारात दोन गाड्या. त्यांनी नगरपालिकेत फोन लावला. तिकडून सांगितलं, लेखी अर्ज द्या, सह्या घ्या. आता अर्ज लिहायचा कोणी? आमच्या वॉर्डात अर्ज म्हणजे मुंशीजी. ठेकेदारांच्या घराचा नकाशा, मीटर, दारातला विजेचा खांब हटवणं, सगळ्याचे कागद त्यांनीच लिहिलेले. दुसऱ्या कोणाला लिहिता येतं, हे कोणाच्या डोक्यातच येईना. तर काय सांगू, रविवारी सकाळी गल्लीचे पाच पुरुष आणि पोरीला घेऊन मी, अशी वरात मुंशीजींच्याच दारात गेली. मुंशीजींच्या कुत्र्याविरुद्ध अर्ज लिहून मागायला!

"बसा," ते म्हणाले. प्रत्येकाला पाणी दिलं. कोरा कागद काढला. "कोनाच्या खिलाफ?"

ठेकेदार खाकरले. "अब देखिए मुंशीजी... आप ही के।"

"बरं." त्यांच्या कपाळाची एक शीर हलली नाही. "पाह्यलं का आयकलं?"

"सुना है। रोज भौंकता है।"

"तुमी सोता आयकलं?"

"मैं तो साइट पर रहता हूँ। माताजी बताती हैं।"

"बाद."

एकेक करून पाचही जण बाद झाले. दिवसा कोणी दुकानात असायचा, कोणी ट्रकवर, कोणी रेल्वेत. पेशकार सगळ्यांमध्ये फिरून पाय हुंगत होता, अगदी गुणी बाळ. मग मुंशीजी माझ्याकडे वळले.

"तू आयकलं?"

"हौ. रोज. तुमी मले खोटं ठरवलं तरी हौ!"

"मंग आठ दिवस लिवून ठेव. कधी सुरू झालं, कधी थांबलं. कागद घेऊन ये, मी अर्ज लिवून देतो. माह्या खिलाफ असो का कोनाच्या बी."

मी चिडूनच लिहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूधवाल्याचे खाडे लिहितात त्या चौकोनांत. सोमवारी दहा वाजून दहा ते सव्वाअकरा, मग बारा ते एक, मग अडीचपासून सलग. मंगळवारी तेच. अक्षर वाकडंतिकडं, कारण एका हाताने पाळण्याची दोरी. शनिवारपर्यंत सहा चौकोन भरले. आणि रविवारी चौकोन कोराच राहिला. मी दिवसभर वाट पाहिली, कुत्रा एकदाही भुंकला नाही.

सोमवारी सकाळी त्यांच्या हातात कॅलेंडर ठेवलं. त्यांनी सगळं नीट वाचलं. त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "उद्या मी तुह्या घरी येतो. मागच्या दारानं."

मंगळवारी दहा वाजता त्यांनी नेहमीसारखी पेशकारला साखळी घातली, फाटक लावलं, सायकलची घंटी वाजवली आणि निघाले. गल्लीला वळसा घालून पाच मिनिटांत आमच्या मागच्या दारात. चपला बाहेर, टोपी डोक्यावर, स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसले. सासूबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि चहा टाकला.

दहा वाजून आठ मिनिटांनी सुरू झालं. तीन भुंकणी, एक लांब हेल.

मुंशीजींनी घड्याळ बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, माणूस खोडी काढल्याशिवाय राहणार नाही. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पोरगी उठली, रडायला लागली, मी तिला खांद्यावर घेऊन फिरायला लागले. पलीकडे साखळी ओढल्याचा आवाज, फाटकावर पंजे घासल्याचा आवाज, आणि पुन्हा तो हेल. चहावर साय आली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"रोज असाच?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"तीन वर्सं झाले," ते म्हणाले. "मही बायको होती तं याले साखळी नव्हती. ते गेली, मी साखळी लावली. मले वाटे, झोपून राहत असन." मग म्हणाले, "मी येतो तं चूप असते न. मले कसं समजन?"

इतके दिवस मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्याच्याकडे मला बघवेना. वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "जाऊ द्या काकाजी. अर्ज राहू द्या. तुमाले समजलं, झालं."

तर एकदम ताठ झाले. "काहून राहू द्या? आता तं मी गवाह हाय. कागद आन."

आणि त्यांनी तिथेच, माझ्या पोळपाटावर कागद ठेवून, स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला. हिंदीत, कारण तो साहेबासमोर जायचा होता. त्यात 'अनावेदक' म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज तो, म्हणजे ते स्वतः. प्रार्थिया की बच्ची दो माह की है, वजन कम है. अनावेदक प्रतिदिन दस बजे अपने कुत्ते को साँकल से बाँधकर चला जाता है और साढ़े पाँच बजे लौटता है. इस बीच कुत्ता भौंकता है, समय की सूची संलग्न है. आणि शेवटी एक ओळ, जी मला आजही पाठ आहे: कुत्ते का कोई दोष नहीं है, दोष अनावेदक का है. माझी सही घेतली. एक प्रत मला दिली, एक ठेकेदारांना पाठवली, कारण तक्रार गल्लीची होती.

आमच्याकडे मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. लोक रांगेत उभे राहतात, साहेब एकेकाचं ऐकतो. पुढच्या मंगळवारी मुंशीजी मला आणि पोरीला ऑटोत घालून घेऊन गेले. साहेब तरुण होता. त्याने अर्ज वाचला, खुशीत मान हलवली. बहुतेक इतका चोख कागद त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाला असावा.

"अनावेदक को बुलाया है?"

"मैं हूँ, साहब," मुंशीजी म्हणाले.

"आप? इनको साथ कौन लाया?"

"मैं।"

"और ये लिखा किसने है?"

"मैंने।"

साहेबाने पेन ठेवलं. मागे उभे असलेले बाबू तोंडावर फाइल धरून हसायला लागले. "जब आप सब मान ही रहे हैं, तो घर में सुलझा लेते। मुझसे क्या चाहिए?"

"आदेश, साहब. माह्या... मेरे खिलाफ शिकायत है. मैं अपनी मर्ज़ी से सुधर गया, तो कल अपनी मर्ज़ी से बिगड़ भी सकता हूँ।"

साहेब हसला नाही. त्याने माझ्या खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं: अनावेदक कुत्ते को अकेला न छोड़े, अपने साथ रखे. सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी मुंशीजींनी फळवाल्याकडून लाकडी खोकं आणलं, सायकलच्या कॅरिअरला तारेने बांधलं, आत पोतं अंथरलं आणि पेशकारला बसवलं. सगळी गल्ली दारात. ठेकेदारांनी वरच्या गॅलरीतून हाक मारली, "मुंशीजी, इसको भी नौकरी लग गई क्या?" मुंशीजींनी मान वर केली नाही. पायडल मारलं आणि गेले. मी भिंतीला कान लावून उभी होते. पलीकडे काही नाही. पोरगी त्या दिवशी साडेतीन तास झोपली. मला घाबरायला झालं, तीन वेळा नाकाशी बोट धरून बघितलं. महिनाअखेर वजनाचा काटा पहिल्यांदा पुढे सरकला. मी डॉक्टरीणबाईंच्या समोर रडले. त्यांना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, कुत्र्याला पेढा द्या.

कचेरीत सुरुवातीला कुरकुर झाली. कुत्रा आवारात नको, असं एका बाबूने सांगून पाहिलं. मुंशीजींनी आदेश टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, त्यावर बोट टेकवलं. "मले अधिकार नाही याले घरी ठेवाचा." पाच वर्षं पेशकार त्या टेबलाखाली बसला. खेड्यातून आलेली माणसं आधी त्याला बिस्किट टाकायची, मग आपलं रडगाणं सांगायची. मी बाजारात गेले की मुद्दाम तिकडून जायची. पोरगी बोलायला लागली तशी तिने त्याला 'पेकार' म्हणून हाका मारल्या, आणि दोघांचं जमलं ते जमलंच. मुंशीजी तिला पाणी पाजून विचारायचे, "बोल, कोनाच्या खिलाफ?" ती आजीचं नाव सांगायची.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. अंगावर काढला, छाती भरली. पुतण्या गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेला. जाताना मुंशीजींनी आमच्या दारात ऑटो थांबवायला लावला. बोलायला दम नव्हता. पेशकारच्या साखळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "चार दिवस."

अकरा दिवसांनी मुंशीजी गेले. पुतण्या येऊन खाट, पंखा, सायकल घेऊन गेला आणि दाराला कुलूप घातलं. कुत्र्याचं विचारलं तर म्हणाला, "चाची, हमारे यहाँ तो फ्लैट है।" कसली चाची रे? त्याच्याहून मी लहान असेन.

आणि पेशकार भुंकायला लागला. आमच्या अंगणात बांधला तरी तोंड त्यांच्या कुलपाकडे. दहा ते साडेपाच नाही, आता त्याला वेळच राहिली नाही. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला. मी साखळी सोडली तर त्यांच्या फाटकात जाऊन बसला आणि तिथून भुंकला. माझं डोकं ठणकायचं. नवरा म्हणाला, "तुलेच आवडे ना, घे आता." सासूबाई दूधभाकरी कुस्करून त्याच्यासमोर ठेवत होत्या. तो तोंड लावत नव्हता.

पंधरा दिवसांनी ठेकेदार आले. हातात फाइल. खोटं ते बोलत नव्हते, त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला झोप लागत नव्हती. मला कळत होतं. पण त्यांनी फाइल उघडली आणि मला तो कागद दिसला. मुंशीजींच्या अक्षरातला, त्यांना पाठवलेली प्रत. वर नवा अर्ज जोडलेला.

"आपका ही पुराना केस है," ते म्हणाले. "बस यहाँ एक साइन कर दीजिए। पहले भी शिकायत, अब भी शिकायत। गाड़ी आज ही आ जाएगी। लावारिस है, उठा ले जाएँगे।"

माझ्या पोरीसाठी त्या माणसाने स्वतःला दोषी लिहून घेतलं होतं, आणि हे त्याच कागदावरून त्याचा कुत्रा उचलून न्यायला निघाले होते. माझ्या सहीने! अंगाचा असा तिळपापड झाला. मी तो कागद फाइलमधून ओढून काढला आणि म्हटलं, "ठेकेदारसाहेब, वाचा. शेवटची ओळ वाचा मोठ्यानं."

त्यांनी वाचली नाही. "भाभीजी, वो आदमी नहीं रहा अब।"

"माताजींची खाट मागच्या खोलीत घ्या. मी येते उचलायला. कानात घालायला कापूस देते, रात्री येऊन पाय दाबून देते. सही देत नाही."

त्यांनी सहीशिवायच नगरपालिकेची कुत्रे पकडायची गाडी बोलावली. चार वाजता आली. हिरवी जाळी, दोन माणसं, एकाच्या हातात फास आणि दुसऱ्याच्या हातात रजिस्टर. गल्ली पुन्हा दारात. पेशकार मुंशीजींच्या फाटकाशी उभा राहून जीव तोडून भुंकत होता. मी जाऊन त्याच्या आणि फासाच्या मध्ये उभी राहिले. शाळेतून आलेली पोरगी दप्तरासकट येऊन माझ्या पायांना चिकटली. त्या दिवशी मिलमधून लवकर आलेला नवरा नुकताच मोटरसायकलवरून उतरत होता, तो हेल्मेट न काढता तसाच थांबला.

"किसका कुत्ता है?" रजिस्टरवाल्याने विचारलं.

"किसी का नहीं," ठेकेदार म्हणाले.

"मेरा है," मी म्हटलं. "नाव लिहा." आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, वॉर्ड, घर, सगळं. तो लिहीत होता तोवर मी बघत होते की नीट लिहितोय की नाही.

"भौंकता है?"

"हौ, भौंकता है. लिखो."